सुळा सरकेना

दातांना तारा लावणं याला कुणी आजारपण म्हणत नाही. माझ्या कॉलेजातल्या बायका तर म्हणाल्या, "छान दिसशील गं." सुरुवातीला मीही त्याला आजारपण म्हणत नव्हते. पण दोन-अडीच वर्षं तोंडात सतत काहीतरी दुखत असेल, धड चावता येत नसेल आणि या सगळ्याच्या शेवटी जबड्याचं हाड कापून पुढे आणून स्क्रूनं बसवायचं असेल, तर ते आजारपणच. माझ्यासारखं दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेला टाळू घेऊन जन्मलेलं कुणी हे वाचत असेल, किंवा तसं मूल ज्यांच्या घरात आहे असं कुणी, तर त्यांना पुढे काय वाट्याला येतं ते आधी कळलेलं बरं. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यातला एक भाग असा आहे की त्याची तयारी कुठलाच डॉक्टर करून देऊ शकत नाही. तोही सांगते.

माझं नाव मंजिरी. घरी मंजू. जामबागेतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते आणि विद्यानगरला आईवडिलांबरोबर राहते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते सरकारी कचेरीत अनुवादक होते. जमिनीचे जुने उर्दू कागद इंग्रजीत आणि तेलुगूत आणण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्या चार पिढ्या याच शहरात झाल्या. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि बाजारात दखनी उर्दू, असं आमचं चालतं. कोणती भाषा कुठे संपते ते आम्हालाही नीट सांगता येत नाही.

ओठ मी तान्ही असताना शिवला, टाळू त्यानंतर. टाळूवर शिवणीचा व्रण राहतो आणि त्या व्रणामुळे वरचा जबडा पुरता वाढत नाही. खालचा आपला वाढत जातो. तिशी उलटेपर्यंत माझे खालचे दात वरच्यांच्या पुढे येऊन बसले होते. पेरूला दात लावता यायचा नाही. पोळीचा तुकडा हातानंच तोडायचा, दाढेकडे सरकवायचा आणि गिळायचा. फोटोत मी मान किंचित वळवून उभी राहायचे. तरीही मी डॉक्टरकडे गेले ती चेहऱ्यासाठी नाही. कानाजवळचा सांधा दुखायला लागला होता. एक तास शिकवलं की तो असा ठणकायचा की दुसऱ्या तासाला मी फळ्याकडे तोंड करून, लिहिण्याचं निमित्त करून, गप्प उभी राहायचे.

आबिड्सचं क्लिनिक

पहिल्या दिवशी अण्णा बरोबर आले. लहानपणी माझ्या प्रत्येक ऑपरेशनला तेच यायचे. आईला दवाखान्याच्या वासानं भोवळ यायची. मी एकटी जाते म्हटलं तर ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभेच होते.

दातांच्या डॉक्टर तेलुगू, साधारण माझ्याच वयाच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांनी एक्स-रे काढले, दातांचे साचे घेतले आणि दुसऱ्या भेटीत सगळं स्वच्छ सांगितलं. आधी ब्रेसेस लावायच्या. इतकी वर्षं एकमेकांना सांभाळून घेत दात वाकडे झालेत, ते आपापल्या हाडावर सरळ उभे करायचे. मग सर्जन वरचा जबडा पुढे आणतील आणि दात एकमेकांवर बरोबर बसतील. "पण ऑपरेशनच्या आधी तुमचं तोंड आत्तापेक्षा वाईट दिसेल," त्या म्हणाल्या. "खालचे दात आणखी पुढे येतील. तेव्हा घाबरून सोडून देऊ नका." हे त्यांनी सांगितलं म्हणून त्यांचे उपकार मानते. नंतर आरशात बघताना ते वाक्य कामाला आलं.

अण्णांनी दोनच प्रश्न विचारले. जिवाला धोका किती आणि वेळ किती. धोका थोडा, वेळ साधारण दीड वर्ष, असं उत्तर मिळालं. जिना उतरताना ते कठड्याला धरून थांबले आणि म्हणाले, "मला हे पुरं झालेलं बघायचंय, मंजू. तू अठराची होतीस तेव्हाच करायचं होतं. राहून गेलं."

ब्रॅकेट कसले लावायचे हा प्रश्न आईनं सोडवला. ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेली इवलीशी खाच असलेली चौकट. त्या सगळ्या खाचांमधून एक तार जाते. स्टीलचे ब्रॅकेट असतात, तसेच दाताच्या रंगाचे चिनीमातीसारखेही असतात. मॅडमनी सांगितलं की स्टीलवर तार सहज घसरते, पांढऱ्यात जरा जास्त घासते, पण काम दोन्हींनी होतं. आई म्हणाली, "पन्नास पोरांसमोर उभी राहते ती. तोंडभर लोखंड घेऊन कशी राहील? पांढरेच बसवा." आईच्या मनात आणखीही एक गोष्ट होती. लातूरला मामेभावाचं लग्न होतं, आणि लग्नात चार लोक माझ्याकडे बघणार होते. मला दोन्ही सारखेच होते. पांढरे बसले.

पहिले महिने

दुखणं कसं असतं ते सांगते, कारण "थोडा दाब जाणवेल" असं जे सांगतात ते खरं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ भाताचं शीत दातावर आलं तरी कळ मस्तकात जायची. शेजारच्या पद्माक्का पप्पू आणायच्या, म्हणजे तेलुगू घरांतलं घट्ट वरण. ते भातात इतकं कालवायचं की नुसतं गिळता यावं. तीन-चार दिवसांत कळ ओसरते. मग गालाच्या आतल्या बाजूला ब्रॅकेट घासून फोड येतात. त्यासाठी मेण देतात; ते चिमटीत मऊ करून ब्रॅकेटवर थापायचं. ते मी पर्समध्ये, डब्यात, स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये, सगळीकडे ठेवलं होतं. गालाची कातडी हळूहळू जाड होते. पण तार बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बोलणं बदलतं. माझं आधीच नाकातून होतं, त्यात आता 'स' आणि 'श' एक झाले. वर्गात मागच्या बाकावर कुणीतरी नक्कल केली. मी ऐकलं, आणि पुढचं गणित फळ्यावर घातलं.

सगळ्यात अवघड काम सुळ्यांचं होतं. जागा करण्यासाठी वरच्या दोन उपदाढा काढल्या होत्या. त्या मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंचे सुळे मागे सरकवायचे होते. तार रुळासारखी, ब्रॅकेट तिच्यावरून घसरणार, मागच्या दाढेला बांधलेली रबराची साखळी सुळ्याला ओढणार. डावा सुळा शहाण्यासारखा सरकत गेला. उजवा, म्हणजे ज्या बाजूला माझा ओठ आणि हिरडी दुभंगलेली होती तिकडचा, जागचा हलेना. दर महिन्याला मॅडम साखळी बदलायच्या, मोजपट्टी लावायच्या आणि तोच आकडा पुन्हा लिहून ग्लोव्हज काढायच्या.

त्यांनी मला कारण सांगितलं तेव्हा मला हसू आलं, कारण तोच धडा मी दरवर्षी शिकवते. साखळी ओढते ती दाताच्या बाहेर दिसणाऱ्या टोकाला. मूळ हाडात रुतलेलं असतं. त्यामुळे दात आधी कलतो. कलला की ब्रॅकेटच्या खाचेचे कोपरे तारेवर रुततात आणि तार अडकते. मग हाड हळूहळू जागा देतं, मूळ थोडं सरळ होतं, तार सुटते, दात केसभर सरकतो आणि पुन्हा अडकतो. आपण लावलेल्या जोराचा बराचसा भाग या घासण्यातच जातो. उरलेला दाताला मिळतो. माझ्या सुळ्याला जवळजवळ काहीच मिळत नव्हतं.

रिसेप्शनपाशी

अण्णा प्रत्येक भेटीला यायचे. पेपर घेऊन बाहेर बसायचे आणि परतताना कोठीच्या बाजारातून भाजी घ्यायचे. एका भेटीत मी खुर्चीवरून उठून बाहेर आले तर ते रिसेप्शनवरच्या मुलीशी बोलत होते. उर्दूत, अगदी अदबीनं. "बच्ची नौ साल की है. ऑपरेशन के बाद से कुछ खाई नहीं. डॉक्टर साहब को जरा जल्दी बोलो."

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, गंमत करताहेत. अण्णा गंमत करत नव्हते. नवव्या वर्षी माझ्या हिरडीचं ऑपरेशन झालं होतं; ते त्या दवाखान्यात उभे होते. मग त्यांनी मला पाहिलं आणि सरळ म्हणाले, "झालं? चल." रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "ती मुलगी माझ्याकडे अशी का बघत होती गं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की त्या दिवशी नवी तार घातली होती, तोंड ठणकत होतं, आणि घर येईपर्यंत मला ते ठणकणं जाणवलं नाही.

त्यानंतर मागच्या कितीतरी गोष्टींचा अर्थ लागला. वाण्याकडे जाऊन रिकाम्या हातानं परतणं. तेलुगू बातम्या ऐकताना "हा काय म्हणतोय?" असं आईला विचारणं, आणि तेलुगू तर त्यांची नोकरीची भाषा. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. वेग कुणाचा कसा ते सांगता येत नाही, असंही म्हणाले. अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी ते मन लावून ऐकलं, डॉक्टरांना धन्यवाद दिले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुझं ऑपरेशन तेवढं लवकर उरकून घे." त्या दिवशी त्यांना सगळं कळत होतं.

घाई

पुढच्या भेटीला मी मॅडमना सांगितलं की मला लवकर हवंय. का, तेही सांगितलं. साखळी दुप्पट घट्ट लावा, मी दुखणं सोसते.

त्यांनी मास्क खाली केला. "जोर वाढवला की दात आणखी कलेल, आणखी रुतेल," त्या म्हणाल्या. "शिवाय मूळ झिजेल. तुम्हाला हे मी शिकवायला नको."

मग सर्जनकडे गेले. दात आहेत तसेच ठेवून आधी जबडा पुढे आणा म्हटलं. त्यांनी माझे साचे हातात धरून दाखवले. पुढे आणल्यावर उजवीकडे फक्त दोन दात टेकत होते. असा बसवला तर टिकणार नाही, ते म्हणाले, आणि दुसऱ्यांदा हाड कापावं लागेल. मी साचे परत पिशवीत घातले. बसथांब्यावर बराच वेळ उभी राहिले आणि माझ्या बसेस जाऊ दिल्या.

घरी आईचं वेगळंच चाललं होतं. अण्णा आंघोळीला गेले की नळ चालू ठेवून उभे राहायचे. जेवण झालेलं विसरून पुन्हा ताटावर बसायचे. आईचा गुडघा धरलेला. एका संध्याकाळी मी वरण गाळत होते, कारण तार बदलल्यामुळे डाळीचा कणही सोसत नव्हता. आई म्हणाली, "आता पुरे कर हे, मंजू. काढून टाक त्या तारा. मी एकाला भरवू की दोघांना?" मला राग यायला हवा होता. आला नाही. ती खरं बोलत होती. मी गाळणी धुतली आणि आत जाऊन पेपर तपासायला बसले. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

मध्येच उपचार सोडायचा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. पण अर्धवट सोडलं तर तोंड सुरुवातीपेक्षा वाईट राहणार होतं. मॅडमनी ते सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं.

शेवटी मॅडमनी वरची तार पूर्ण काढली आणि भिंगाखाली धरली. उजव्या सुळ्याजवळ, जिथे ब्रॅकेटचा कोपरा बसत होता, तिथे तारेवर चरे पडलेले होते. नखानंही लागत होते. दर वेळी सुळा सरकायला निघायचा आणि याच चऱ्यांत अडकायचा. त्यांनी पांढरा ब्रॅकेट काढायचं ठरवलं. तो सहज निघत नाही. चिमट्यानं फोडावा लागतो, आणि फुटताना दाताचाच तुकडा गेल्यासारखं वाटतं. त्याजागी स्टीलचा बसवला. शिवाय घसरण्यावर अवलंबून राहायचंच नाही म्हणून तारेलाच वेलांटीसारखा वळसा घातला. तो वळसा ताणून बांधायचा. तो मिटताना दाताला आपल्याबरोबर घेऊन जातो, मग तार खाचेतून सरकायची गरज राहत नाही. हे आधी का नाही केलं, असं मी विचारलं. वळसा हिरडीला टोचतो, त्याच्यावर ताबा ठेवणं अवघड, आणि बहुतेकांना त्याची गरज पडत नाही, असं त्या म्हणाल्या. आणि मग, मी न विचारता, "मी थोडं आधी करायला हवं होतं," असंही म्हणाल्या. इतकं सरळ बोलणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

घरी मी हे सहज बोलता बोलता सांगितलं. आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे मी पांढरे म्हटलं म्हणून."

तसं नाही गं, मी म्हटलं, त्या बाजूचं हाडच वेगळं आहे, व्रणाचं आहे. आईनं ऐकून घेतलं. पुढच्या भेटीला ती दुखरा गुडघा घेऊन स्वतः आली आणि मॅडमना तिनं तेलुगूत तेच विचारलं. मॅडमनी तिचा हात धरून सांगितलं की अम्मा, त्यात दहा कारणं असतात, ब्रॅकेट त्यातलं एक, आणि किती महिने कशामुळे गेले ते कुणालाच वेगळं काढून सांगता येणार नाही. आईनं मान हलवली.

वेलांटी लागली आणि सुळा निघाला. पुढच्या भेटीच्या आधीच फट अरुंद झालेली मला जिभेनंच कळली. मी वर्गात होते, मागे फळा होता, आणि एकाएकी डोळे भरून आले. मुलांना वाटलं मला बरं नाहीये.

ऑपरेशन

तारीख ठरली तोवर अण्णा कधी मला ओळखायचे, कधी आईला 'ताई' म्हणायचे. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी ओळख होती. मी बॅग भरत होते. ते दारात उभे राहून म्हणाले, "कुठे?" मी सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मी येऊ?" पद्माक्का त्यांच्याजवळ राहणार होत्या. मी म्हटलं, तुम्ही घर सांभाळा. त्यांनी ते मान्य केलं.

शुद्धीवर आल्यावरचं लिहिते, कारण तिथे भीती फार वाटते. चेहरा फुगून भोपळा झालेला असतो. वरचे आणि खालचे दात रबरांनी एकमेकांना बांधलेले असतात. तोंड उघडत नाही, नाक रक्तानं चोंदलेलं असतं आणि वाटतं की आता श्वास येणारच नाही. येतो. दातांच्या बाजूनं येतो. हळू घेतला तर येतो. हे कुणीतरी आधी दहादा सांगायला हवं.

पहिल्या दिवशी दुपारी मला रडू यायला लागलं. वॉर्डात झाडलोट करणारी एक बाई होती. ती झाडू भिंतीला टेकवून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "रोओ नक्को अम्मा. नाक भर जाती, फिर सांस कैसा लेते?" तिनं पलंगाची पाठ वर केली आणि मी शांत होईपर्यंत माझ्या पायाच्या तळव्याला हात लावून उभी राहिली. आजही रडू आलं की मी आधी नाक मोकळं आहे का बघते.

तिथले दिवस सगळे एकसारखे. सिरिंजला नळी लावून ताक, फळांचा रस, गाळलेलं चारू, म्हणजे चिंचेचं पातळ सार, गालाच्या कडेनं आत सोडायचं. थोडं पोटात जायचं, उरलेलं हनुवटीवरून गळ्यात. नर्स बर्फ लावायची. बोलता येत नव्हतं म्हणून फोनवर टाइप करायचं आणि आईला चष्मा लावून वाचायला द्यायचं. आईला दवाखान्याचा वास आता बाधत नव्हता. कधीपासून ते मी विचारलं नाही.

घरी

मला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी अण्णा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठून उभे राहिले आणि आईला विचारलं, "या कोण? फार लागलंय यांना."

सूज आहे म्हणून, असं आम्ही दोघींनी ठरवलं. सूज जाईल. ती गेलीही. दीड-दोन महिन्यांत चेहरा खाली उतरला. आरशात एक बाई दिसायला लागली जिची हनुवटी मागे होती, गाल भरलेले होते, वरचा ओठ खालच्याच्या पुढे होता. कॉलेजात सगळे थांबून बघायचे. चांगल्या नजरेनं बघायचे. कानाजवळचं दुखणं जवळजवळ गेलं. मी सफरचंदाला दात लावला, आणि तो कर्रकन आवाज इतका मोठा झाला की मी दचकले.

अण्णांसाठी मी ती पाहुणी बाईच राहिले.

मी सगळं करून बघितलं. जुना मास्क लावून फक्त डोळे दाखवले. हाक मारली, पण जबडा पुढे आल्यावर टाळूमागची जागा वाढते आणि हवा नाकात जास्त जाते. माझा आवाजही आता पूर्वीचा नव्हता. त्यासाठीचे व्यायाम मी अजून करते. एकदा खालचा जबडा पुढे काढून पूर्वीसारखं तोंड करायला गेले. ते होत नाही. हाड आता तसं जात नाही. दुखलं फक्त. मग जुना फोटो काढला, त्यांच्या हातात दिला आणि त्याच्या शेजारी माझा चेहरा धरला. ते फोटो बघून हसले. "ही माझी मुलगी," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही नात्यातल्या का? डोळ्यांत थोडं साम्य आहे."

अण्णांनी मला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आई ओट्यापाशी उभी होती. पाठ माझ्याकडे. "ते पांढरे नसते," ती म्हणाली, "तर त्यांनी बघितलं असतं." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला तिला काही पटवता आलं नाही, कारण मला स्वतःलाच माहीत नाही. स्टीलचे असते तर काही महिने वाचले असते. तेवढे महिने अण्णांकडे होते का, ते त्यांच्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. आई अजून अधूनमधून तेच म्हणते. मी आता समजूत घालत नाही. तिच्याजवळ उभी राहते.

मला कुणी विचारलं की हे सगळं करावं का, तर मी हो म्हणते. दुखणं गेलं, चावता येतं, झोप लागते. पण घरात कुणी माणूस विसरत चाललं असेल, तर त्याच्यासमोर रोज बसत जा. सूज असतानाही बसा, तोंड बांधलेलं असतानाही बसा. उपयोग होईलच असं नाही.

परवाची गोष्ट. सुट्टी होती. आई शेजारी पद्माक्कांकडे गेली होती आणि मी अण्णांपाशी वाटाणे सोलत बसले होते. त्यांनी मला विचारलं की मी कुठून आले. इथूनच, विद्यानगरहून, मी म्हटलं. जवळच की, ते म्हणाले. मग त्यांच्या मुलीचा विषय निघाला, तो निघतोच. ती कॉलेजात गेलीय, इतक्यात येईल. मी नेहमी नुसती मान हलवते. त्या दिवशी विचारलं, "दिसायला कशी आहे तुमची मुलगी?"

अण्णा सांगायला लागले. मुलगी झाली तेव्हा सिस्टरनं बाळ बाहेर आणलं ते तोंडावर फडकं टाकून. त्यांची आत्या म्हणाली, इतक्यात कुणाला दाखवू नका, आईला तर नकोच. हे मी कधी ऐकलं नव्हतं. घरात कुणी बोललंच नव्हतं.

"मी फडकं काढलं," अण्णा म्हणाले. "ओठ असा मधूनच उघडा. मला वाटलं, ही काहीतरी सांगायला निघाली होती आणि आपल्याला बघून मध्येच थांबली. मी म्हटलं, सांग. सावकाश सांग. मी आहे इथे."

वाटाणे माझ्या मांडीवरून खाली सांडले होते. त्यांनी ते पाहिलं, वाकून दोन-चार उचलले आणि माझ्या हातात दिले.

"तुम्हाला कुठे जायचंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग बसा. ती आली की ओळख करून देतो."

मी बसले.